बासवाल्याला ऐकू येतंय का, हे आधी विचारा



गणपतीच्या बैठका सुरू व्हायच्या आत एक विषय मांडून ठेवतो. दरवर्षी तो राहून जातो आणि मग कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता त्यावरून वादावादी होते. विषय आहे बास गिटार वाजवणाऱ्या मुलाचा.

आपल्या वडोदऱ्यात मंडळांचे जे गाण्यांचे कार्यक्रम मी पाहतो, त्यांत अलीकडे बासवाल्याच्या मागे अँप्लिफायर नसतो. गिटारची वायर सरळ मिक्सरकडे जाते. याला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की अँप्लिफायर काढल्यामुळे जे भाडं वाचतं, त्यातला पहिला खर्च त्या मुलाला स्वतःचं वादन ऐकू येण्यावर झाला पाहिजे. आणि ते ऐकणं कोणत्या साधनाने व्हावं, हे साउंडवाल्याने किंवा कमिटीने नाही, ज्याच्या हातात गिटार आहे त्याने ठरवावं.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, नोकरी बँकेत झाली. पण मंडळाची बिलं बरीच वर्षं माझ्या हातून जातात. बिलावर "साउंड" असा एक शब्द आणि खाली एक आकडा असला की मला चैन पडत नाही. त्या शब्दात काय काय बसलंय हे विचारत विचारत, साउंडवाल्यांच्या आणि वाजवणाऱ्या मुलांच्या मागे लागून जे समजलं, ते लिहितोय.

आधी एक घोटाळा दूर करू. मांडववाल्याच्या भाषेत "बास" म्हणजे ते भलेमोठे खोके, ज्यांच्यापुढे उभं राहिलं की छाती धडधडते. इथे बास म्हणजे ते खोके नाहीत. चार जाड तारांची गिटार घेऊन मागे, ऑक्टोपॅडच्या शेजारी गप्प उभा असतो तो मुलगा. बरेच प्रेक्षक त्याच्याकडे पाहतही नाहीत. मोबाइलवर गाणं ऐकणाऱ्याला तो नीट कळतही नाही, कारण त्याच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर सेकंदाला साधारण ४१ कंपनांचा असतो आणि मोबाइलचा स्पीकर तिथपर्यंत उतरत नाही. पण तो काढून घ्या, गाणं लगेच पोकळ वाटायला लागतं. ठेका आणि सूर यांना बांधून ठेवणारा तोच असतो. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास गिटार वाजवत. ती गाणी एकदा चांगल्या स्पीकरवर लावून फक्त खालचा सूर ऐका, मी काय म्हणतोय ते कळेल.

आता अँप्लिफायर का गेला? कारणं रास्त आहेत. बासचा जुन्या धाटणीचा अँप्लिफायर म्हणजे लहान फ्रिज. तो टेम्पोत चढवायचा, जिन्याने वर न्यायचा, रात्री परत उतरवायचा. आपल्या मांडवातलं स्टेज पंधरा बाय वीस फुटांचं. त्यात गणपतीची बाजू सोडा, निवेदिकेचं टेबल सोडा, उरलेल्या जागेत सहा वादक. शिवाय बासचा अँप्लिफायर स्टेजवर जोरात वाजला की त्याचा आवाज गायिकेच्या माइकमध्ये शिरतो आणि समोर सगळा काला होतो. साउंडवाला म्हणतो, "काका, डीआयमधून डायरेक्ट द्या." डीआय म्हणजे एक छोटी डबी. गिटारचा नाजूक सिग्नल ती लांब वायरीतून, खरखर न येता, मिक्सरपर्यंत पोहोचवते. दुसऱ्या टोकाला जी तीन पिनांची वायर जाते, तिला आपले साउंडवाले "कॅनन" म्हणतात.

ही पद्धत काही आजची नाही. अमेरिकेत मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली गाणी जगभर गाजली, त्यांतला बासवादक जेम्स जेमर्सन स्टुडिओत गिटार सरळ मिक्सरलाच जोडत असे. तेव्हा "अँप्लिफायरशिवाय बासला मजा नाही" हा युक्तिवाद मी मान्य करत नाही. प्रेक्षकांना मजा येते, चांगलीच येते.

अडचण दुसरीकडे आहे. अँप्लिफायर स्टेजवर असताना तो दोन कामं करत होता. एक, बासचा आवाज लोकांपर्यंत नेणं. दुसरं, तोच आवाज वाजवणाऱ्याच्या पाठीवर आणि कानावर टाकणं. पहिलं काम समोरच्या मोठ्या स्पीकरांनी उचललं. दुसरं काम कोणी उचललं? बँकेच्या भाषेत सांगायचं तर एक खातं बंद केलं, त्यातली अर्धी शिल्लक दुसऱ्या खात्यात वळती केली आणि उरलेल्या अर्ध्याची नोंदच कुठे केली नाही.

कोणी म्हणेल, मोठे स्पीकर तर तिथेच दोन बाजूंना असतात, मग त्याला ऐकू कसं येत नाही? ऐकू येतं, पण काय येतं ते बघा. मोठ्या स्पीकरांची तोंडं प्रेक्षकांकडे. स्पष्ट, टोकदार सूर समोर जातात. मागे स्टेजवर वळून येते ती नुसती घुमघुम, कारण खालचे सूर सगळीकडे पसरतात आणि वरचे पसरत नाहीत. बोट तारेवर पडल्याचा तो "टक्" त्यात नसतो. शिवाय हॉल असेल तर मागच्या भिंतीवर आपटून आवाज परत येतो. पंचवीस मीटर खोल हॉल धरा. जाऊन येऊन पन्नास मीटर झाले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे परत यायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. मिनिटाला १२० मात्रांचं गाणं असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे त्या मुलाला स्वतःचा सूर मात्रेच्या पाव हिश्श्याहून जास्त उशिरा ऐकू येतो. तो त्यावर विसंबला तर मागे पडणार. विसंबला नाही तर आंधळेपणाने वाजवणार.

आंधळेपणाने वाजवण्याचं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात गायिकेचा घसा बसला होता. काळी पाचचं गाणं तिने ऐन वेळी पांढरी सहावर मागितलं. कीबोर्डवाल्याने एक बटन दाबलं, त्याचं काम झालं. बासवाल्याला बटन नसतं, त्याला हात सरकवावा लागतो. त्याच्यापर्यंत निरोप गेला नाही आणि कीबोर्ड त्याच्या कानापर्यंत पोहोचतच नव्हता. धृपद आणि अख्खा पहिला अंतरा तो अर्ध्या सुराने वर वाजवत राहिला. समोर बसलेल्या माणसांना "काहीतरी चुकतंय" एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. बिचाऱ्या गायिकेकडे लोक पाहायला लागले. मध्यंतरात तो मुलगा खाली आला, रागावलेला नव्हता, पडलेला होता. मला म्हणाला, "आजोबा, मला तिथे फक्त माझे हात दिसतात, ऐकू काहीच येत नाही." साउंडवाल्याला विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं, "बाहेर बास मस्त येतोय ना?" बाहेर मस्त येत होता, खरंच. चुकीचा सूर मस्त येत होता.

त्यानंतर कमिटीत एकाने सुचवलं ते मला जास्त लागलं. "एवढी कटकट कशाला, ट्रॅक लावा." म्हणजे वादक घरी, पेनड्राइव्हवर रेकॉर्ड केलेलं संगीत, आणि त्यावर गायचं. हे आज सगळीकडे होतंय. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावकडच्या नातेवाइकांकडूनही तेच ऐकतो. ट्रॅक स्वस्त पडतो, चुकत नाही, चहाही मागत नाही. पण आपण परमुलखात पिढ्यान् पिढ्या राहतो. घरात मराठी, बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी. आपली तरुण मुलं मराठी गाण्याच्या अंगाने मंडळाशी जोडलेली राहतात, ती गाणारी दोन-चार आणि वाजवणारी पाच-सहा. वाजवणारी घरी बसवलीत, तर पुढच्या वर्षी खुर्च्या लावायलासुद्धा ती येणार नाहीत.

तर मग अँप्लिफायरशिवाय वाजवणाऱ्याने ऐकायचं कसं? माझ्या समजुतीप्रमाणे चार रस्ते आहेत.

पहिला, पायाशी ठेवायचा उतरत्या तोंडाचा स्पीकर. आपण त्याला नुसतं "मॉनिटर" म्हणतो. हा सगळीकडे भाड्याने मिळतो आणि मुलांना सवयीचा असतो. पण तो बासवाल्यासाठी वेगळा हवा. गायिकेच्या मॉनिटरमध्ये बास घातला की ती तक्रार करते, आणि तिचं बरोबर असतं. बारा इंची मॉनिटर अगदी खालचे सूर नीट काढू शकत नाही, पण त्याची गरजही नाही. खालच्या मूळ सुरावर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर असतातच, त्यांवरून कान सूर ओळखतो. म्हणून मॉनिटरमध्ये अगदी खालचं कापावं आणि मधलं थोडं वाढवावं. बोटांचा "टक्" ऐकू आला की मुलाचा जीव भांड्यात पडतो. आणखी एक साधी गोष्ट. मॉनिटर फार जवळ, पायाला चिकटून ठेवला तर आवाज गुडघ्यांना ऐकू जातो. चार-पाच फूट पुढे सरकवा किंवा खोक्यावर उचलून कानाकडे वळवा. याला पैसे पडत नाहीत.

या रस्त्याचा तोटा असा की स्टेजवरचा एकूण आवाज वाढतो. ऑक्टोपॅडवाला म्हणतो, मला वाढवा. मग कीबोर्डवाला, मग गायिका, आणि शेवटी माइक शिट्टी मारतो. खुल्या मैदानात हे खपून जातं. पत्र्याच्या मांडवात आणि लहान हॉलमध्ये खपत नाही.

दुसरा रस्ता, स्वतःचा छोटा पॉवर्ड स्पीकर. ज्या स्पीकरच्या पोटातच अँप्लिफायर असतो तो. मुलाकडे बासचा प्रीअँप पेडल असेल तर त्याला सहसा दोन तोंडं असतात. एक कॅनन मिक्सरकडे जाते, दुसरं साधं जॅकचं तोंड या स्पीकरला. यात साउंडवाल्यावर अवलंबून राहावं लागत नाही, कमीजास्त करायचं बटन मुलाच्या हाताशी. पण यात त्याला तो स्वतःच ऐकू येतो, बाकीचे नाही. वर सांगितलेला काळी पाच आणि पांढरी सहाचा प्रसंग या स्पीकरने टळला नसता.

तिसरा रस्ता कानात घालायच्या मॉनिटरचा, ज्याला मुलं "इन-इअर" म्हणतात. माझं मत याच्या बाजूने आहे, आणि तेही वायरवाल्याच्या. टीव्हीवरच्या गायकांच्या कानात दिसतात ते बिनवायरचे असतात. गायकाला फिरायचं असतं, त्याला ते ठीक. आपला बासवाला तीन तास एका जागी उभा असतो आणि त्याच्या गिटारला तशीही एक वायर आहेच. दुसरी वायर तिच्याच बरोबर बांधली तर काय बिघडलं? बिनवायरचा चांगला संच महाग पडतो, वायरवाल्याची कमरेला लावायची हेडफोन-अँपची डबी आणि बरे इअरफोन त्याच्या अंशात येतात. मिक्सरमधून निघणारी मॉनिटरची वायर थेट इअरफोनला जोडता येत नाही, मध्ये ही डबी लागते, हे विसरू नका. तिची बॅटरी नवी घाला आणि एक जोड खिशात ठेवा.

इथे एक इशारा. काही मुलं रोजचे ब्लूटूथ इअरबड घेऊन येतात. ते या कामाला चालत नाहीत. ब्लूटूथमधून आवाज साधारणपणे सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याने उशिरा पोहोचतो. सिनेमा पाहताना फोन ते सांभाळून घेतो, वाजवताना कोण सांभाळणार? मघाशी मागच्या भिंतीचं गणित केलं, तीच भिंत पुन्हा कानात आणून ठेवल्यासारखं होईल.

कानात घालायच्या मॉनिटरचं यश दोन गोष्टींवर ठरतं. एक, कानात तो घट्ट बसला पाहिजे. रबरी किंवा स्पंजचं बोंडूक योग्य मापाचं नसेल आणि फट राहिली तर सगळ्यात आधी बासच पळून जातो. मुलं म्हणतात "याच्यात बास नाही," आणि आवाज वाढवतात. दोष बोंडकाचा असतो. पाकिटात तीन मापं येतात, ती घरी लावून बघायची, स्टेजवर नाही. दुसरं, कानात नुसता स्वतःचा बास नको. ऑक्टोपॅड, गायिका आणि कीबोर्ड हवेतच.

त्यासाठी मला सगळ्यात पसंत पडलेली व्यवस्था एका मुलाने दाखवली. पायाशी चार चॅनलचा पाटीएवढा मिक्सर. एका बटनावर स्वतःचा बास, पेडलमधून आलेला. दुसऱ्या बटनावर मोठ्या मिक्सरवरून आलेले बाकीचे सगळे. थोडं माझं, थोडं सगळ्यांचं, प्रमाण माझ्या हातात. गाणं संथ आहे, गायिकेला वाढव. लावणी आहे, ऑक्टोपॅड वाढव. त्याला पूर्ण कार्यक्रमात साउंडवाल्याकडे एकदाही हात करावा लागला नाही. आता टॅबलेटवर चालणारे डिजिटल मिक्सर आलेत, त्यांत काही ठिकाणी वादकाला स्वतःच्या फोनवरूनच हे करता येतं. तुमच्या साउंडवाल्याकडे तसा असेल तर उत्तम.

चौथा रस्ता पायाखाली किंवा बैठकीखाली हादरे देणाऱ्या यंत्राचा. परदेशात ड्रमवाले आणि बासवाले ते वापरतात, कानाऐवजी अंगाला सूर कळतो. कल्पना छान आहे, पण आपल्याकडे भाड्याने मिळालेला मी पाहिला नाही. एवढं सांगून पुढे जातो.

इन-इअरवर एक आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. कान बंद केले की बाहेरचं जग तुटतं. आपल्याकडे नाट्यगीत रंगलं की "वन्स मोअर" येतो. गायिका मान हलवते आणि पुन्हा धृपदावर येते. कान बंद असलेल्या मुलाला टाळ्याही ऐकू येत नाहीत आणि वन्स मोअरही नाही. तो समेवर थांबतो, बाकीचे पुढे जातात. उपाय दोन. स्टेजवर एक जादा माइक ठेवून सभागृहाचा थोडा आवाज त्याच्या कानात द्यायचा, आणि त्याला अशा जागी उभं करायचं की गायिकेचा हात दिसेल. दोन्ही आपल्या हातातल्या गोष्टी आहेत.

अनेकजण काय करतात, तर एक कान उघडा ठेवतात. हे मात्र करू नये. उघड्या कानावर स्टेजचा गोंगाट पडतो, त्याच्याशी बरोबरी करायला बंद कानातला आवाज वाढवला जातो. दोन्ही कानांचं नुकसान.

नुकसान हा शब्द मी सहज वापरलेला नाही. आपल्या गणपतीत वाजवणारी हीच मुलं पुढे नवरात्रात गरब्याला वाजवतात. वडोदऱ्यात नवरात्र म्हणजे नऊ रात्री, रोज तीन-चार तास, मैदानावर हजारो माणसं. अमेरिकेतली नायॉश ही सरकारी संस्था कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करते. तिच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसावा, त्याहून जास्त नाही. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बँकेतल्या माणसाला हे चक्रवाढ व्याज लगेच कळतं, फक्त इथे ते कर्जावरचं आहे. आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. कानाच्या आतले बारीक केस एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत.

नीट बसलेला इन-इअर बाहेरचा गोंगाट बराच कमी करतो, म्हणून आतला आवाज हळू ठेवूनही सगळं ऐकू येतं. हा त्याचा खरा फायदा. पण तोच इअरफोन शेवटपर्यंत वाढवला तर मोठ्या स्पीकरपेक्षा वाईट, कारण तो कानाच्या पडद्याशी आहे. म्हणून आवाज एका हद्दीपुढे जाऊ न देणारा लिमिटर मिक्सरवर लावून घ्या. आणि दिवस-रात्र वाजवणाऱ्या आपल्या घरच्या मुलांना विचारत जा, "घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजते का रे?" वाजत असेल तर कानाच्या डॉक्टरकडे न्या, नवरात्र संपायची वाट पाहू नका.

विजेचं एक सांगतो. कानात वायर घातलेला माणूस त्या वायरीतून मांडवाच्या विजेशी जोडलेला असतो. मांडवाचं अर्थिंग कार्यक्रमाआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. स्पीकरमधून "हूं" असा आवाज येतो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. ते कदापि करू देऊ नका. डीआयच्या डबीवर त्या "हूं"साठी वेगळं बटन असतं, ते दाबा.

आता ज्येष्ठांचा आक्षेप. "आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? पेटी-तबल्यावर कार्यक्रम व्हायचे." खरं आहे, व्हायचे. पण त्या वेळी ऐकण्याची सोय नव्हती असं नाही, ती इतकी अंगवळणी पडली होती की सोय म्हणून दिसत नव्हती. आपल्या वडोदऱ्यात सयाजीरावांच्या आश्रयाखाली मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा सुरू केली, तीच पुढे विद्यापीठातला संगीताचा विभाग झाली. तिथल्या कुठल्याही बैठकीत तंबोरे कुठे असतात? गायकाच्या मागे, कानाच्या अगदी जवळ. श्रोत्यांसाठीच असते तर ते पुढे ठेवले असते. गायकाला षड्ज सतत कानात हवा, म्हणून ते मागे. तबलजी हाताच्या अंतरावर, पेटी दुसऱ्या हाताला. चौघे एका सतरंजीवर बसले की प्रत्येकाला प्रत्येकजण ऐकू येतो. सतरंजी हाच त्यांचा मॉनिटर. आपण वाद्यं विजेची केली, माणसं एकमेकांपासून दहा फूट लांब उभी केली, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच ठेवला नाही, आणि शेवटी बासचा अँप्लिफायरही काढला. सतरंजी उचलली तर तिच्या जागी काहीतरी अंथरायला नको का?

पैशांचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण पावत्या फाडून पैसा कसा जमतो ते मला माहीत आहे. पण स्वतःच्या मंडळाचं बिल काढून बघा. लाइटिंगच्या कमानी, एलईडीची भिंत, धुराचं यंत्र, प्रमुख पाहुण्यांच्या शाली आणि श्रीफळं. यांतली एखादी गोष्ट कमी केली तर एका वायरवाल्या इन-इअरची सोय सहज होते, आणि ती भाड्याने जात नाही, मंडळाच्या कपाटात राहते. इअरफोनची बोंडुकं मात्र प्रत्येकाची वेगळी असावीत, स्वच्छतेचा प्रश्न आहे.

तेव्हा या वर्षी साउंडवाल्याशी बोलताना एवढं कागदावर लिहून घ्या:

१. बासवाल्यासाठी मिक्सरवरून मॉनिटरची स्वतंत्र वायर. लहान मिक्सरला अशा दोनच वाटा असतात आणि त्यांतली एक बहुधा एकोला जाते. तेव्हा ठरवतानाच विचारा, किती वाटा आहेत?

२. ती वाट "प्री-फेडर" असावी. म्हणजे साउंडवाल्याने प्रेक्षकांसाठी आवाज कमीजास्त केला तरी मुलाच्या कानातलं बदलणार नाही.

३. डीआयची एक जादा डबी आणि एक जादा कॅनन वायर.

४. इन-इअर घ्यायचा की मॉनिटर स्पीकर, हे बासवाला सांगेल. सवय नसलेल्या मुलाच्या कानात कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा इअरफोन कोंबू नका. आधी तालमीत दोनदा वापरू द्या.

५. प्रेक्षक यायच्या आत वीस मिनिटं फक्त ऐकण्याच्या तपासणीला. सुरुवात बास आणि ऑक्टोपॅडपासून, शेवटी गायक. आपल्याकडे उलटं होतं. गायिका "हॅलो हॅलो" करते, पाहुणे येतात, आणि बासवाल्याची पाळी आरतीनंतर येते, म्हणजे येतच नाही.

६. स्केल बदललं तर कीबोर्डवाल्याने तोंडाने सांगायचं. याला यंत्र लागत नाही.

रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे. सरकारने सवलतीचे म्हणून जाहीर केलेले मोजके दिवस सोडले तर त्यात सूट नाही. त्यामुळे उशिरा सुरू करून भरून काढता येत नाही. ही वीस मिनिटं भाषणांतून काढा. कोणी रागावणार नाही, बरेच लोक आभार मानतील.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मागे वाजवणाऱ्याला आपण स्टेजवर बोलावतो, निवेदिका त्याचं नाव घेते, पुष्पगुच्छ देतो. हे सगळं चांगलंच आहे. पण त्याला मान देण्याची पहिली पायरी पुष्पगुच्छ नाही. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी कमिटीतल्या कोणीतरी पायऱ्या चढून त्याच्याजवळ जावं आणि विचारावं, "बाळा, तुला सगळं नीट ऐकू येतंय ना?" तो "नाही" म्हणाला तर कार्यक्रम पाच मिनिटं उशिरा सुरू करण्याची हिंमत ठेवावी.

तुमच्या गावात ही सोय कशी केली जाते, विशेषतः गोव्याकडच्या मंडळींनी, कारण तिथे बास वाजवणारे घरोघरी सापडतात, इथे जरूर लिहा. पुढच्या बैठकीत मी वाचून दाखवीन.